राज्यगीत कसे अभ्यासावे : कवितेपासून शासन निर्णयापर्यंत

शाळेच्या परिपाठात, एक मेच्या ध्वजवंदनात किंवा परगावच्या महाराष्ट्र मंडळात ‘जय जय महाराष्ट्र माझा’ म्हटले जाते, तेव्हा सूत्रसंचालकाने गीताविषयी चार वाक्ये सांगावीत अशी अपेक्षा असते. ही चार वाक्ये बहुधा ऐकीव असतात, आणि त्यांत कवीचे श्रेय गायकाला जाते, चाल ‘पारंपरिक’ ठरते, गीत जन्मापासूनच राज्यगीत होते असा समज पसरतो. शिक्षक, विद्यार्थी, समूहगानाचे मार्गदर्शक आणि स्थानिक इतिहासाचे अभ्यासक यांना एखाद्या राज्यगीताचा उगम व त्याची रचना नीट कशी तपासता येईल, हे या लेखात महाराष्ट्राच्या गीताच्या आधारे दाखवले आहे. इतर राज्यांची गीते तुलनेपुरती घेतली आहेत, कारण एकच गीत एकटे पाहिले की त्यातील कोणती गोष्ट विशेष आणि कोणती सर्वसाधारण हे कळत नाही.

सुरुवात चार नोंदींपासून

कोरा कागद घेऊन त्यावर चार स्वतंत्र नोंदी कराव्यात : शब्द कोणी व केव्हा लिहिले, चाल कोणी बांधली, ते लोकांपुढे कोणाच्या आवाजात आले, आणि शासनाने ते केव्हा स्वीकारले. या चार घटना एका दिवशी किंवा एका व्यक्तीच्या हातून घडलेल्या असतात असे गृहीत धरणे हीच बहुतेक चुकांची मुळे आहेत. महाराष्ट्राच्या बाबतीत शब्द नागपूरचे कवी राजा नीळकंठ बढे (१९१२–१९७७) यांचे, संगीत श्रीनिवास खळे (१९२६–२०११) यांचे आणि घरोघरी पोचलेला आवाज शाहीर कृष्णराव साबळे (१९२३–२०१५) यांचा आहे. राज्य मंत्रिमंडळाने या गीताला राज्यगीत म्हणून मान्यता दिली ती ३१ जानेवारी २०२३ रोजी, आणि १९ फेब्रुवारी २०२३ या शिवजयंतीच्या दिवसापासून तो निर्णय लागू झाला. शाहीर साबळे यांच्या जन्मशताब्दीचे ते वर्ष होते. कवी, संगीतकार आणि शाहीर या तिघांपैकी कोणीही हा निर्णय पाहायला हयात नव्हते, आणि तोपर्यंत हे गीत कोणत्याही आदेशावाचून कित्येक दशके गायले जात होते.

कवितेचा जन्म आणि शासकीय मान्यता यांच्यातील अंतर इतर राज्यांतही असेच मोठे दिसते. लक्ष्मीकांत महापात्र यांनी ‘बंदे उत्कल जननी’ १९१२ साली लिहिले. त्या वेळी ओडिशा हा स्वतंत्र प्रांत नव्हता, तो १९३६ मध्ये झाला, आणि गीताला राज्यगीताचा मान मिळाला तो २०२० मध्ये. लक्ष्मीनाथ बेजबरुआ यांचे आसामचे गीत १९०९ साली ‘बांही’ मासिकात छापले गेले आणि १९२७ मध्ये तेथील विद्यार्थी संमेलनाने ते आपले मानले. रवींद्रनाथांचे ‘बांग्लार माटी बांग्लार जल’ हे १९०५ च्या वंगभंगाच्या विरोधातले गीत, आणि पश्चिम बंगालने ते राज्यगीत म्हणून स्वीकारले २०२३ मध्ये. तेलंगणात हे अंतर बरेच कमी आहे, कारण अंदेश्री यांचे गीत वेगळ्या राज्याच्या चळवळीतच गाजले आणि २०२४ मध्ये अधिकृत झाले. यावरून अभ्यासकाने एवढा नियम बांधावा की गीतातला प्रदेश आणि आजच्या नकाशावरील राज्य एकच आहे असे तपासल्याशिवाय मानू नये. कवीच्या मनातील प्रदेश पुष्कळदा आधी अस्तित्वात येतो, प्रशासकीय सीमा मागाहून आखल्या जातात.

पाठ मिळवणे आणि दोन प्रती समोरासमोर ठेवणे

दुसरे काम संहितेचे. इंटरनेटवर फिरणारी प्रत प्रमाण धरू नये. तिच्यात ‘जिभा’ आणि ‘जीभा’, ‘तट्टांना’ आणि ‘तट्टाना’ असे भेद सर्रास आढळतात, आणि ते सगळेच निरुपद्रवी नसतात, कारण ऱ्हस्वदीर्घ बदलले की वृत्त बिघडते. त्यासाठी कवितेचा मूळ छापील पाठ आणि शासन निर्णयातील पाठ या दोन प्रती मिळवाव्यात. शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असतात. कवितेसाठी जुने काव्यसंग्रह व नियतकालिके पाहावी लागतात, आणि त्यासाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी जुनी ग्रंथालये किंवा नागपूर-पुण्याची मोठी वाचनालये गाठावी लागतात.

दोन प्रती मिळाल्या की त्या एकाखाली एक न ठेवता शेजारीशेजारी लिहाव्यात. मूळ गीतात तीन कडवी आहेत आणि राज्यगीत म्हणून दोनच स्वीकारली आहेत, त्यामुळे अधिकृत गायनाचा अवधी सुमारे १ मिनिट ४१ सेकंद होतो. राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात, हे लक्षात घेतले तर कडवे कमी करण्यामागची व्यावहारिक गरज समजते. तरीही कोणते कडवे राहिले आणि कोणते गळले हे विद्यार्थ्यांनी स्वतः प्रती पाहून ठरवावे, आणि गळलेल्या कडव्यासह गीताचा अर्थ कसा होता हेही वाचावे. वगळलेला भाग वाचल्याशिवाय राज्यगीताचा अभ्यास पूर्ण होतो असे मी मानत नाही.

निवड नेहमी वेळेच्या हिशेबानेच होते असेही नाही. तमिळनाडूचे ‘तमिळ ताय वाळ्त्तु’ हे मनोन्मणीयम सुंदरम पिळ्ळै यांच्या १८९१ च्या नाटकातील नांदीपर पद्य आहे. १९७० मध्ये ते शासकीय समारंभांसाठी घेताना, तमिळमधून इतर द्राविड भाषा जन्मल्या आणि आर्यभाषा मात्र व्यवहारातून लोपली अशा आशयाच्या ओळी गाळण्यात आल्या. शेजाऱ्यांना उणे लेखणारा भाग काढून मातृभाषेची वंदना तेवढी ठेवली, हा विचारपूर्वक केलेला संपादनाचा निर्णय होता. २०२१ च्या अखेरीस ते औपचारिक राज्यगीत झाले आणि त्यासाठी ५५ सेकंदांचा अवधी ठरला. म्हणून गाळलेली ओळ दिसली की कारण तीन ठिकाणी शोधावे : वेळ, राजकीय औचित्य आणि गायनाची सोय.

नद्यांची ओळ नकाशावर मांडणे

संहिता हाती आली की अर्थाकडे वळावे, पण ‘गीतात महाराष्ट्राचा अभिमान व्यक्त झाला आहे’ अशा वाक्यावर थांबू नये. एक ओळ घ्यावी आणि ती भूगोलाच्या वहीत उतरवावी. ‘रेवा वरदा, कृष्ण कोयना, भद्रा गोदावरी’ ही ओळ त्यासाठी उत्तम आहे. रेवा म्हणजे नर्मदा. ती महाराष्ट्राच्या आतून वाहत नाही, नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेला स्पर्श करून जाते. वरदा म्हणजे विदर्भातील वर्धा. कृष्णा आणि कोयना पश्चिम महाराष्ट्रातल्या, त्यांचा संगम कराडला होतो. गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावून नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाडा ओलांडून पुढे जाते.

आता याच नद्यांवर १९५६ पूर्वीचा राजकीय नकाशा ठेवावा. वर्धेचे खोरे तेव्हा मध्य प्रदेशात होते आणि नागपूर त्या राज्याची राजधानी होती. मराठवाड्यातील गोदाकाठ हैदराबाद राज्यात होता. कृष्णा-कोयनेचा भाग मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे सगळे प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात एकत्र आले आणि १ मे १९६० रोजी गुजरात वेगळा होऊन महाराष्ट्र झाला. तीन वेगवेगळ्या राज्यांतले पाणी एका ओळीत आणून पुढच्याच ओळीत कवी ‘एकपणाचे’ पाणी मातीच्या घागरीत भरतो. संयुक्त महाराष्ट्राची सगळी मागणी या दोन ओळींत आली आहे, आणि त्यांत घोषणेचा एकही शब्द नाही. नागपूरच्या कवीने वरदेला दुसऱ्याच स्थानी बसवावे यालाही त्या काळात वजन होते, कारण विदर्भाने या राज्यात यावे की नाही यावर तेव्हा मतभेद होते आणि ते आजही पूर्ण शमलेले नाहीत.

हीच ओळ तपासताना दोन प्रश्न विद्यार्थ्यांपुढे मोकळे ठेवावेत. पहिला, ‘भद्रा’ ही नदी मानायची की गोदावरीचे विशेषण. आधीच्या दोन जोड्यांत प्रत्येकी दोन नद्या आहेत, त्यामुळे ती नदी असावी असे वाटते. पण भद्रा नावाची प्रसिद्ध नदी कर्नाटकात आहे आणि ती तुंगेला मिळते, त्यामुळे नकाशा विशेषणाच्या बाजूने बोलतो. माझा कल विशेषणाकडे आहे, तरी वर्गात दोन्ही बाजू मांडू द्याव्यात. दुसरा प्रश्न असा की कोकणातली पश्चिमवाहिनी नदी या ओळीत एकही नाही. ती का नसावी याचे उत्तर छंदात आहे, कवीच्या भूगोलात आहे की आणखी कशात, हे शोधताना मुले नकाशा जितका बारकाईने पाहतात तितका एरवी पाहत नाहीत.

इतिहासाचे उल्लेख : काळ जुळवून वाचणे

भीमथडी म्हणजे भीमा नदीकाठचा प्रदेश. तेथील चिवट, बुटकी घोडी मराठी फौजांत नावाजलेली होती, आणि त्यांना यमुनेचे पाणी पाजणे म्हणजे थेट दिल्लीपर्यंत धडक मारणे. दिल्लीचे तख्त राखण्याचा उल्लेख अठराव्या शतकाकडे नेतो. महादजी शिंद्यांच्या पाठबळावर बादशाह शाह आलम दुसरा १७७२ मध्ये दिल्लीला परतला आणि पुढील काळात बादशाहीचे संरक्षण मराठ्यांच्या हाती राहिले. ‘अस्मानाच्या सुलतानीला’ या शब्दांत दुष्काळ-अवर्षणाची अस्मानी आणि राज्यकर्त्यांच्या जुलमाची सुलतानी ही जुनी जोडी कवीने एकत्र वळवून घेतली आहे. ती जोडी बखरींपासून शेतकऱ्याच्या तोंडापर्यंत सर्वत्र आहे, त्यामुळे ती मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून समजावून घ्यायला सांगावी.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. १९६२ च्या चीन युद्धात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य रूढ झाले. दिल्लीचे तख्त आणि सह्याद्रीचा सिंह हे गीतातील उल्लेख त्या घटनेला जोडून वाचण्याचा मोह होतो. गीताची रचना त्या आधीची असेल तर असे वाचन हा पुढच्या पिढीने दिलेला अर्थ ठरतो, कवीचा हेतू ठरत नाही. दोन्ही अर्थ नोंदवायला हरकत नाही, पण ते वेगवेगळ्या रकान्यांत लिहावेत.

मात्रा मोजणे

गीताची रचना समजून घ्यायची तर मात्रा मोजण्यावाचून इलाज नाही, आणि हे काम वाटते तितके अवघड नाही. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घ अक्षराच्या दोन, अनुस्वार असलेल्या अक्षराच्या दोन, आणि जोडाक्षराचा आघात मागच्या ऱ्हस्व अक्षरावर पडला की त्या अक्षराच्याही दोन. मराठीत ‘म्ह’, ‘न्ह’, ‘ऱ्य’ यांचा आघात सहसा पडत नाही, म्हणून ‘उन्हात’मधील ‘उ’ एकाच मात्रेचा राहतो.

आता नद्यांची ओळ मोजावी. ‘रेवा वरदा’ : २, २, १, १, २, म्हणजे आठ. ‘कृष्ण कोयना’ : २, १, २, १, २, म्हणजे पुन्हा आठ. ‘भद्रा गोदावरी’ : २, २, २, २, १, २, म्हणजे अकरा. पुढची घागरीची ओळही याच मापाची, आठ, आठ आणि अकरा. नदीचे नाव ‘कृष्णा’ असताना कवीने ‘कृष्ण कोयना’ का लिहिले याचा उलगडा येथे होतो : ‘कृष्णा’ घातले असते तर मधला गट नऊ मात्रांचा झाला असता. ‘गडगडणाऱ्या नभा’ आणि ‘जवाब देती जिभा’ हेही अकरा-अकराच भरतात, आणि येथेच ‘जीभा’ असे छापले तर एक मात्रा जास्त होते. ‘भीती न आम्हा’ कागदावर नऊ मात्रांचे दिसते, पण म्हणताना ‘न’ आणि ‘आ’ एकमेकांत मिसळतात आणि तोंडात ते आठच उरते. मोजणी कागदावर करून थांबू नये, मोठ्याने म्हणून पडताळावी, ती याचसाठी.

त्यानंतर ‘सह्याद्रीचा सिंह गर्जतो, शिवशंभू राजा’ मोजावे. आठ, आठ आणि दहा. ‘दिल्लीचेही तख्त राखितो महाराष्ट्र माझा’ मोजावे. पुन्हा आठ, आठ आणि दहा. आणि आता गोविंदाग्रजांची, म्हणजे राम गणेश गडकरी यांची, कितीतरी आधीची ओळ घ्यावी : ‘मंगल देशा, पवित्र देशा, महाराष्ट्र देशा’. आठ, आठ, दहा. ‘राकट देशा, कणखर देशा, दगडांच्या देशा’. आठ, आठ, दहा. ‘महाराष्ट्र देशा’ आणि ‘महाराष्ट्र माझा’ या दोन्ही शेवटांत दहा मात्रा असून दोन्हींत त्या सहा आणि चार अशाच विभागल्या आहेत. यावरून बढ्यांनी गडकऱ्यांचे अनुकरण केले असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल, कारण आठाच्या गटांची ही लय मराठी गेय कवितेत फार जुनी आणि सर्वांच्या सरावाची आहे. पण महाराष्ट्राचे नाव ओळीच्या शेवटी आले की ते असेच बसते, हे मराठी कान आधीपासून जाणत होता, एवढे नक्की म्हणता येते. मला या गीताच्या यशाचे एक मोठे कारण येथेच दिसते. नवे गीत ऐकताना लोकांना त्याची चाल शिकावी लागली, त्याची लय शिकावी लागली नाही.

शेवटच्या कडव्यातील एक जागा वेगळी काढून पाहण्यासारखी आहे. लांब ओळींची सवय झाल्यावर अचानक सोळा-सोळा मात्रांच्या तीन छोट्या ओळी लागोपाठ येतात आणि त्यांच्या शेवटी ‘शिजला’, ‘भिजला’, ‘झिजला’ अशी क्रियापदे पडतात. दारिद्र्य, घाम आणि देशासाठी झिजणे असा चढता क्रम आहे, आणि श्वास घ्यायला जागा नाही. त्या तीन ओळींनी साठवलेला जोर पुढच्या दिल्लीच्या ओळीत मोकळा होतो. समूहगानात ही जागा कोसळते ती बहुतेक वेळा श्वासाच्या चुकीच्या नियोजनामुळे. ‘झिजला’नंतर पूर्ण श्वास घ्यायचा, ‘शिजला’ आणि ‘भिजला’ यांच्यानंतर चोरटा, असे मुलांना आधीच सांगून ठेवावे. उलट ‘यमुनेचे पाणी पाजा’ हा भाग चौदा मात्रांचा आहे, म्हणजे बाकीच्या शेवटांहून बराच लांब. तेथे चाल त्या जादा मात्रा कशा सामावून घेते हे ध्वनिमुद्रण ऐकताना मुद्दाम टिपावे.

चाल आणि आवाज

श्रीनिवास खळे यांचे नाव भावगीतांसाठी आणि अभंगांच्या नाजूक, अवघड चालींसाठी घेतले जाते. शाहीर साबळे वाईजवळच्या पसरणी गावचे, लोकनाट्य आणि पोवाड्याच्या परंपरेत वाढलेले, ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमाने लोककलांना मोठ्या रंगमंचावर आणणारे. या दोन वेगळ्या परंपरा एका गीतात भेटल्या आहेत, आणि ऐकताना दोन्हींचा माग काढता येतो. पहिल्यांदा फक्त शाहिराचा आवाज ऐकावा : शब्द किती मोकळा फेकला आहे, वरच्या सुरात किती वेळ टिकवला आहे. दुसऱ्यांदा फक्त साथीदारांकडे लक्ष द्यावे. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी असतात आणि ते शाहिराची ओळ उचलून धरतात. ‘गर्जा’ हा शब्द आज्ञेचा आहे, तो समोरच्या समुदायाला उद्देशून आहे, त्यामुळे उत्तर देणारा समूह या रचनेत शब्दांच्या पातळीवरच गृहीत धरलेला आहे. हे गीत एकट्याने गुणगुणले तर अर्धेच राहते. तिसऱ्यांदा हाताने टाळी धरून आठ मात्रांचे गट चार-चारांत विभागून ऐकावे, म्हणजे शब्दाचा आघात आणि तालाचा आघात कोठे एकत्र पडतात आणि कोठे चालीने मुद्दाम फारकत घेतली आहे ते स्पष्ट होते.

चालीची नोंद कवितेइतकीच काटेकोर ठेवावी, कारण पुढे वाद होतो तो बहुधा चालीवरून. कर्नाटकाने कुवेंपूंची कविता २००४ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारली, पण म्हैसूर अनंतस्वामी आणि सी. अश्वथ यांच्या चालींपैकी कोणती गायची हा प्रश्न तसाच राहिला. अखेर २०२२ मध्ये शासनाने अनंतस्वामींची चाल आणि अडीच मिनिटांचा अवधी निश्चित केला. शब्दांविषयी एकमत असूनही चालीसाठी अठरा वर्षे गेली. महाराष्ट्राला ही अडचण आली नाही, कारण येथे एकच चाल आणि एकच आवाज लोकांच्या कानांत आधीच पक्का बसलेला होता.

‘प्रथम कोठे गायले’ या प्रश्नाची तपासणी

राज्यगीतांभोवती पहिल्या गायनाच्या कथा जमतात, आणि त्या सांगणारे लोक मनापासून सांगत असतात. त्या खोट्या म्हणून बाजूला सारू नयेत, पण कागदाशी ताडून पाहाव्यात. पहिला कागद म्हणजे वृत्तपत्र. १ मे १९६० च्या आसपासच्या कार्यक्रमांसाठी ‘लोकसत्ता’, ‘सकाळ’, ‘केसरी’, ‘मराठा’, ‘नवाकाळ’ आणि नागपूरचा ‘तरुण भारत’ हे अंक चाळावेत. ‘महाराष्ट्र टाइम्स’ १९६२ मध्ये सुरू झाला, त्यामुळे १९६० ची त्याची बातमी म्हणून कोणी कात्रण दाखवले तर ते नंतरच्या स्मरणलेखाचे असणार. आदल्या दिवशी छापलेली कार्यक्रमपत्रिका आणि दुसऱ्या दिवशीचा वृत्तान्त यांत फरक असू शकतो. वृत्तान्ताला अधिक महत्त्व द्यावे.

दुसरा पुरावा ध्वनिमुद्रिका. त्या काळी ७८ फेऱ्यांच्या तबकड्या भारतात निघत होत्या. तबकडीच्या मधल्या कागदी चकतीवर गीताचे नाव, कलावंतांची नावे आणि विक्री क्रमांक असतो, तारीख बहुधा नसते. चकतीच्या कडेला, जेथे रेघा संपतात त्या गुळगुळीत पट्टीत, एक बारीक क्रमांक कोरलेला असतो. तो मुद्रणाचा क्रमांक. त्याच्या मागच्या-पुढच्या क्रमांकांच्या तबकड्यांची काळनिश्चिती झालेली असेल तर आपल्या गीताचा काळ बराच जवळ आणता येतो. हे काम जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांना अवगत असते आणि ते आनंदाने मदत करतात. चकतीवरील श्रेयनामांचे छायाचित्र घेऊन ठेवावे, कारण पुढे निघालेल्या कॅसेट-सीडींच्या वेष्टनांवर संगीतकाराचे नाव गळण्याची उदाहरणे मराठीत पुष्कळ आहेत.

मागे राहिलेली गीते

राज्यगीत ठरलेल्या गीताबरोबर न ठरलेली गीतेही वाचावीत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांचे ‘बहु असोत सुंदर संपन्न की महा, प्रिय अमुचा एक महाराष्ट्र देश हा’ आणि गडकऱ्यांचे (१८८५–१९१९) महाराष्ट्रगीत या दोन्ही रचना राज्य होण्यापूर्वी कित्येक वर्षे लोकप्रिय होत्या. कोल्हटकरांचे गीत इतर देश सुंदर व संपन्न असोत, आम्हांला हाच प्रिय, असे सौम्य विधान करते, आणि मला स्वतःला ती भूमिका फार प्रगल्भ वाटते. गडकऱ्यांच्या गीतात डोंगर, फुले, संत, वीर यांचा वैभवशाली पट आहे, पण तो ऐकायला आणि वाचायला अधिक शोभतो. बढ्यांचे गीत आखूड आहे, त्यात हाक आणि प्रतिसाद आहे, आणि कष्टकऱ्याच्या घामाला त्यात शिवरायांच्या बरोबरीने जागा आहे. सभेत, मोर्चात आणि शाळेच्या मैदानावर टिकण्यासाठी हे तीन गुण लागतात. तिन्ही गीते एका तासात वाचून दाखवली तर विद्यार्थी हा फरक स्वतःहून सांगतात.

प्रत्यक्ष सादरीकरण आणि नोंद

राष्ट्रगीताचा मान सर्वप्रथम राखावा आणि राज्यगीताच्या वेळीही सर्वांनी सावधान उभे राहावे. वृद्ध, आजारी आणि अपंग व्यक्तींना उभे राहण्याचा आग्रह करू नये. मुलांसाठी पट्टी शाहिरांच्या आवाजाला जुळवून घेऊ नये, ती वर्गातील बहुसंख्य मुलांना ओढाताण न होता जमेल अशी खाली घ्यावी. वाद्य एकच उपलब्ध असेल तर ढोलकी किंवा डफ पुरतो. पेटीवर प्रत्येक सूर वाजवत राहिल्यास मुले शब्द गिळतात. पाठांतर ओळीओळीने न करता कडव्याच्या अर्थगटांनी करावे, आणि ‘शिवशंभू’, ‘तख्त’, ‘निढळाच्या’ या शब्दांचे उच्चार सुरुवातीलाच दुरुस्त करावेत, कारण चालीत एकदा चुकीचा उच्चार बसला की तो वर्षभर निघत नाही.

कार्यक्रमाची चित्रफीत प्रसिद्ध करायची असेल तर शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात हे ध्यानात ठेवावे. भारतीय कायद्यानुसार कवीच्या शब्दांवरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो, संगीतकाराच्या रचनेचा हिशेब त्याच्या मृत्यूपासून स्वतंत्र होतो, आणि ध्वनिमुद्रणाची मुदत ते प्रसिद्ध झाले त्या वर्षापासून मोजली जाते. आपल्या विद्यार्थ्यांनी गायलेले गीत आणि बाजारातील मुद्रण मागे लावून केलेले सादरीकरण या दोन गोष्टी त्यामुळे एक ठरत नाहीत.

कार्यक्रमपत्रिकेत वा शाळेच्या वार्षिकात गीत छापताना शीर्षकाखाली कवी, संगीतकार आणि गायक ही तीनही नावे याच क्रमाने द्यावीत. त्याखाली एका ओळीत छापलेला पाठ शासन निर्णयातील दोन कडव्यांचा आहे की मूळ तीन कडव्यांचा आहे हे लिहावे, आणि पाठ कोणत्या पुस्तकातून किंवा कोणत्या दिनांकाच्या निर्णयातून घेतला तेही नमूद करावे. प्रूफ तपासताना मात्रा मोजूनच शेवटचा हात फिरवावा. ‘कृष्ण’चे ‘कृष्णा’ आणि ‘जिभा’चे ‘जीभा’ होते ते बहुतेक वेळा याच टप्प्यावर, कोणीतरी चांगल्या हेतूने केलेल्या शुद्धलेखनाच्या दुरुस्तीत.